सहा नंबरचा दगड

कास्पर रुलांटने सोमवारी सकाळी दगडावरचं फडकं उचललं आणि खाली काहीच नव्हतं.

म्हणजे दगड होता. चांगला चार बोटं जाड, पिवळसर राखाडी, बव्हेरियातून जहाजाने न्यूयॉर्कला आणलेला. ज्या गावचा दगड त्याच गावचा कास्पर. पण दगडावर पन्नास पक्ष्यांच्या रेघा असायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. कोरा करकरीत. त्याने फडकं झटकलं, कोणी चुकून दुसराच दगड मांडला की काय म्हणून कड तपासली. कडेला सहाचा आकडा खोदलेला होता, चारी कोपऱ्यांत काळ्या फुल्या होत्या. दगड तोच होता.

आता हे काम कसं चालतं ते चार वाक्यांत सांगून टाकतो, नाहीतर या माणसाच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही. सिगारेटच्या पाकिटात जो रंगीत पत्ता निघतो, जो पोरं रस्त्यात बाप्यांना अडवून मागतात आणि बाप्ये स्वतःच जपून ठेवतात, तो दहा दगडांवरून छापतात. एक दगड, एक रंग. प्रत्येक दगडावर आधी चित्राची रेघ उतरवतात, तीही गेरूच्या पुडीने, कारण गेरूला तेल नसतं, तो शाई धरत नाही. त्याची रेघ नुसती वाट दाखवते, छापली जात नाही. मग कास्परसारखा माणूस त्या वाटेने बारीक टाकाने तेलकट शाईचे ठिपके घालत बसतो, दिवसाला हजारो. लालाचा दगड असो की हिरव्याचा, दगडावर सगळं काळंच. रंग दिसतो तो प्रूफ काढल्यावर. तोवर तो फक्त ठिपके घालणाऱ्याच्या डोक्यात असतो.

सहा नंबर म्हणजे लाल.

रेघा उतरवायचं काम वेंडेल क्लुगेचं. उंच, किडमिडीत माणूस, आणि जिभेला हाड नाही. चौदा वर्षं दोघं एकाच मजल्यावर काम करत होते आणि चौदा वर्षं एकमेकांची टर उडवत होते.

"वेंडेल," कास्परने हाक मारली, "शनिवारी बिअर जरा जास्त झाली काय रे? सहा नंबरवर रेघाच नाहीत."

"काय नाहीत?"

"रेघा. गेरू संपला तुझा, की डोकं संपलं?"

बारा-तेरा माथी वर झाली. वेंडेल हात पुसत आला, दगडावर वाकला. मग त्याने कास्परकडे बघितलं, मग परत दगडाकडे.

"ही काय मग, तुझ्या आजीची मिशी?" त्याने दगडावर बोट फिरवलं, न टेकवता. दगडाला बोट कोणी लावत नाही. बोटाचं तेल दगड पितो आणि तो डाग हजार कागदांवर उमटतो. "ही चोच. हे पंख. पन्नासच्या पन्नास आहेत, मोजून देऊ? डोळे घरी ठेवून आलास काय, आंधळ्या?"

सगळे हसले. कास्पर बघत होता तिथे काहीसुद्धा नव्हतं. घाबरून त्याची नजर वेंडेलच्या बुटाकडे गेली, आणि तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीकशी तांबूस चोच चमकून गेली. त्याने पटकन तिकडे बघितलं. चोच गेली.

"मस्करी केली रे," तो म्हणाला. "सोमवार आहे. तुला जाग आली का ते बघत होतो."

पुन्हा हशा झाला. एक माणूस मात्र हसला नाही. फोरमन हेर टीडेमान (जर्मनांचं 'हेर' म्हणजे आपलं श्रीयुत) आपल्या उंच टेबलाशी उभे होते. हाम्बुर्गचे गृहस्थ, कधी आवाज चढवला नाही की कोणाची पाठ थोपटली नाही. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

कास्पर चव्वेचाळीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षी टाक हातात धरला तो आजतागायत खाली ठेवला नव्हता. न्यूयॉर्कात त्याच्या तोडीचा लाल घालणारा माणूस नाही असं कारखान्यात बोललं जायचं, आणि तोही ते ऐकून घ्यायचा. पण दुसरंही एक त्याने पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्या श्रोटरचे हात कापायला लागले. त्याला तळघरात पाठवलं, जुने दगड वाळू-पाण्याने घासून कोरे करायला. जो माणूस गुलाबाची पाकळी सतरा छटांत उभी करायचा, तो ओल्या अंधारात रबरी बूट घालून दिवसभर घासत बसायचा, आणि वरचे लोक जिन्यात भेटला तर नजर चुकवायचे. कास्परनेही चुकवली होती.

म्हणून तो बोलला नाही. मूग गिळून बसला आणि काम सुरू केलं.

काम कसं सुरू केलं ते ऐका. सरळ बघितलं तर रेघ नाही. बाजूला, आपल्याच कोपराकडे बघितलं की रेघ कोपऱ्यात उगवते, पण अंधुक, आणि टाक टेकवायला जावं तर नजर सवयीने तिकडे वळते की संपलं. वर उजेड जास्त असला की आणखी वाईट. खिडकीजवळच्या जागेसाठी या लोकांत भांडणं होतात, आणि हा भर अकरा वाजता उठून पडदा ओढायला लागला.

"डोकं दुखतंय," शेजाऱ्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला.

दुपारनंतर त्याला युक्ती सुचली. पहिल्या दगडाचा काळ्या रेघांचा कागद त्याच्याकडे होताच. काळं त्याला चोख दिसायचं. त्याने कर्कटक घेतलं. कागदावर कोपऱ्यातल्या फुलीपासून पक्ष्याच्या छातीपर्यंतचं अंतर मोजायचं, तेवढंच दगडावरच्या काळ्या फुलीपासून मोजायचं, तिथे एक ठिपका. मग दुसरा. आंधळा काठीने वाट काढतो तसं. फक्त एक पथ्य होतं. दगडावर सगळं उलटं असतं, उजवं ते डावं, तेव्हा कागद आरशासमोर धरून आरशातलं चित्र मोजायचं. ते तर त्याला झोपेतही जमलं असतं.

दोन दिवसांत त्याच्या तीन ओळी झाल्या. ओळीत पाच पक्षी, अशा दहा ओळी. एरवी दोन दिवसांत त्याच्या चार व्हायच्या.

"कास्पर," हेर टीडेमान मागे येऊन उभे राहिले तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही, "कर्कटक कशाला?"

"जरा नेमकं करावं म्हटलं, हेर टीडेमान. गिऱ्हाईक मोठं आहे."

"सव्वीस वर्षं नेमकं नव्हतं का?"

कास्परने कर्कटक मिटून ठेवलं. "पुढच्या बुधवारी प्रूफ," एवढंच म्हणाले आणि गेले.

घरी बायकोला फसवणं त्याहून अवघड. मंगळवारी संध्याकाळी, अजून चांगला उजेड होता, बुर्गी बटाटे सोलत होती. कास्पर पाइप तोंडात धरून खिडकीशी बसला होता. तो पाइप म्हणजे त्याचा अवयवच. दर शनिवारी तंबाखूवाल्या गिऱ्हाइकाकडून कामगारांना तंबाखूची पुडकी फुकट येत, आणि कास्पर आपली आणि न ओढणाऱ्यांचीही घेऊन यायचा. दगडावर वाकलेला असतानाही पाइप दातांतच. राख पडू नये म्हणून त्याला चांदीचं झाकणसुद्धा करून घेतलं होतं.

"जिरेनियम वाळलं काय गं?" तो सहज म्हणाला.

बुर्गीचा सुरा थांबला. "काय?"

"फुलं नाहीत. पानंच पानं."

ती उठली. कुंडीतलं एक लालभडक फूल खुडून तिने त्याच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे?"

"पान."

तिने फूल त्याच्या मांडीवर ठेवलं, खुर्ची ओढून समोर बसली आणि हात गुडघ्यांवर घेतले. वीस वर्षांच्या संसारात ती अशी फक्त दोनदा बसली होती.

"कधीपासून?"

"तुला काय करायचंय?"

"कास्पर, मी विचारतेय, कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला. "आधी वाटलं शाईच खराब येतेय."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? टीडेमानला? म्हणजे उद्या तळघरात."

"मग काय करणार आहेस? अंदाजाने रंगवणार?"

"मोजून."

बुर्गी उठून परत बटाट्यांकडे गेली, पण तिचा हात चालेना. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त होता. "उद्या सहाला दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "मी फाटकाशी उभी राहीन. नाही आलास तर वर येईन, तुझ्या फोरमनसमोर."

ती आली असती. म्हणून तो गेला.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता, पण हुशार होता. काळ्या काठीच्या टोकाला मसुराएवढा लाल मेणाचा ठिपका लावलेला. कास्परला एका जागी बघायला सांगून त्याने ती काठी कडेकडून मध्ये आणली. कडेला लाल. मध्ये आल्यावर मातकट, मग काहीच नाही. दुसऱ्या बाजूला गेल्यावर परत लाल. डॉक्टरने काठी खाली ठेवली आणि वाकून कास्परच्या कोटाचा वास घेतला.

"किती ओढता?"

"झोपेत नाही ओढत," बुर्गी म्हणाली.

"डोळ्याला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "तंबाखूने मागची शीर मारलीय. आजपासून बंद. एक झुरका नाही, बिअरही कमी करा, जेवण नीट करा. सहा महिन्यांत लाल परत दिसेल, बहुतेक. ओढत राहिलात तर हळूहळू हिरवंही जाईल आणि मग वाचताही येणार नाही."

बाहेर आल्यावर कास्पर रस्त्यातच थांबला. ज्या तंबाखूचे पत्ते त्याने एवढी वर्षं रंगवले तिनेच त्याचा लाल खाल्ला, या गोष्टीवर त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याला दिसत होते ते सहा महिने. सहा महिने कोणाला पत्ता लागला नाही, एवढंच जमवायचं होतं. मग सगळं जसं होतं तसं.

"बघ," बुर्गी म्हणाली, "बरं होणारं दुखणं आहे. आता तरी सांग कोणाला तरी."

"आता तर मुळीच नाही," तो म्हणाला. "सहा महिने रिकामी खुर्ची कोण ठेवतो गं?"

त्याने पाइप तिच्या हातात दिला. तिने घरी जाऊन तो पिठाच्या डब्यात पुरला.

ज्याने कधी सोडलंय त्यालाच ठाऊक, तंबाखूशिवायचे पहिले तीन दिवस काय असतात. गुरुवारी त्याला घाम फुटत होता. शुक्रवारी हात थरथरायला लागले. टाक दगडावर टेकवायच्या आधी तो श्वास रोखून धरायचा, ठिपका घालायचा, श्वास सोडायचा. खालच्या मजल्यावर कोणीतरी पाइप पेटवला की जिन्यातून वास वर यायचा आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. कर्कटकाची टोकं त्याला दोनाची चार दिसत. शेजारी विचारायचा, "बरं नाही का?" आणि तो म्हणायचा, "पोट."

शुक्रवारी दुपारी आठवी ओळ होती. खिडकीवर ऊन आलं होतं, आरशाचं प्रतिबिंब डोळ्यांवर येत होतं, म्हणून त्याने आरसा जरा बाजूला सारला. आणि कागद तसाच समोर धरून मोजायला लागला.

काय झालं ते मी आत्ताच सांगून टाकतो, त्याला ते कळायला आणखी पाच दिवस गेले. त्याने आरशातलं नाही, कागदावरचं मोजलं. डोळ्याला रेघ दिसत असती तर हात आपोआप थांबला असता. चोच डावीकडे आणि मी छाती उजवीकडे कशी घालतोय, असं कुठल्या शिकाऊ पोरालाही वाटलं असतं. पण त्याच्या पुढे कोरा दगड होता, आणि कोरा दगड कशालाच नाही म्हणत नाही. अख्खी ओळ, पाचही पक्षी, उजव्याचं डावं झालं. नववी ओळ सुरू करताना ऊन सरकलं होतं. त्याने आरसा परत जागेवर घेतला आणि उरलेल्या दोन्ही ओळी बिनचूक केल्या, शनिवारी दुपारच्या जेवणावर पाणी सोडून आणि दिवस संपेपर्यंत मान वर न करता.

सोमवारी दगडावर तेजाब आणि डिंकाचं पाणी फिरलं. ठिपके पक्के झाले, गेरू धुऊन निघाला. आता रेघ कुठे होती, कशी होती, हे देवालाच ठाऊक.

बुधवारी दहा वाजता प्रूफ निघालं. पिवळा, फिका निळा, असे पाच रंग आधीच चढलेले होते. सहावा चढला. प्रूफवाल्याने कागद सोलून काढला, उलटा केला, टेबलावर पसरला. माणसं जमली, नेहमीसारखी, कारण लाल चढला की चित्र जिवंत होतं आणि ते सगळ्यांनाच बघायचं असतं. कास्पर पुढे उभा होता. त्याला सगळं ठीक दिसलं. पन्नास पक्षी, सगळे जागच्या जागी, जरा मातकट.

कोणीच बोलेना. त्याने हळूच नजर बाजूला वळवली, पलीकडच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि मग त्याला आठवी ओळ दिसली. निळ्या पक्ष्याच्या डोक्यातून रक्त निघाल्यासारखा लाल, पलीकडच्या आभाळातही लाल, मधल्या शेंदरी पक्ष्याच्या छातीऐवजी शेपटीवर लाल.

हेर टीडेमाननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ओळ उलटी आहे," ते म्हणाले. "एकच ओळ. रेघा ओळीओळीच्या कागदी पट्ट्यांनी उतरवतात. एका पट्टीवरून दुसरीवर एकदा जादा उतरवली की ओळ उलटते. क्लुगे."

वेंडेल पुढे आला. "मी उलटी उतरवली नाही, हेर टीडेमान."

"मग कोणी? कास्पर रेघेवर ठिपके घालतो. रेघ जिथे, ठिपका तिथे."

"मी तपासून दिला होता दगड. पन्नासच्या पन्नास."

"मागच्या सोमवारी याच दगडावरून तुमची बाचाबाची झाली होती," टीडेमान म्हणाले. त्यांची स्मरणशक्ती फार वाईट होती, म्हणजे काहीच विसरायची नाही. "कास्पर, तूच म्हणाला होतास, याने काम नीट केलं नाही म्हणून. म्हणाला होतास की नाही?"

सगळे कास्परकडे बघायला लागले. वेंडेलही.

"म्हणालो होतो," कास्पर म्हणाला.

खोटं नव्हतं. म्हणालाच होता तो.

"कास्पर," वेंडेल म्हणाला, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात टर नव्हती, "अरे, ती मस्करी होती. तूच म्हणालास मस्करी म्हणून. सांग ना यांना."

कास्पर प्रूफकडे बघत राहिला.

"दगड परत करायचा म्हणजे दहा दिवस," टीडेमान म्हणाले. "गिऱ्हाइकाला तारीख दिलेली आहे. मालकांना मला नाव द्यावं लागेल. क्लुगे, बारा वाजता एप्रन माझ्या टेबलावर ठेवा."

माणसं पांगली. वेंडेल आपल्या बाकाकडे गेला आणि डबे, ब्रश, पट्ट्या एकेक करून फडक्यात बांधायला लागला. मधेच तो थांबायचा, हातातल्या पट्टीकडे बघायचा आणि परत बांधायचा. त्याला स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली होती. कास्परला खुर्चीवरून ते दिसत होतं, आणि त्याहून वाईट असं त्याने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. चोख काम करणारा माणूस स्वतःच्याच हातांवर संशय घेत होता, आणि ते याच्यामुळे.

त्याच्यासमोर सात नंबरचा दगड होता. फिका हिरवा. त्याने टाक उचलला, ठेवला. सहा महिने, डॉक्टर म्हणाला होता. पाच महिने आणि तीन आठवडे राहिले होते. वेंडेलला दुसरीकडे काम मिळेल, तो मनाशी म्हणाला. रेघा उतरवणारे सगळ्यांनाच लागतात. मिळेल की. पण पट्टी उलटी घालणारा म्हणून नाव झालं की या शहरातल्या कोणत्या शिळाप्रेसमध्ये मिळणार होतं? सगळे जर्मन, सगळे एकाच गुत्त्यात बसणारे, संध्याकाळपर्यंत बातमी पोचली असती. कास्परला ते माहीत होतं. तो पावणेबारापर्यंत तसाच बसून राहिला, आणि त्या पावणेदोन तासांची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली.

मग तो उठला आणि उंच टेबलापाशी गेला.

"हेर टीडेमान, ओळ मी उलटी घातली. क्लुगेची रेघ बरोबर होती."

टीडेमान लिहीत होते, लिहीतच राहिले. "मैत्री चांगली गोष्ट आहे, कास्पर. जा, काम कर."

"मैत्री नाही. मला रेघ दिसलीच नाही. मला लाल दिसत नाही."

आता त्यांनी लेखणी ठेवली. प्रेसचं चाक फिरवणारासुद्धा थांबला.

"लाल घालणाऱ्याला लाल दिसत नाही," टीडेमान सावकाश म्हणाले. "आणि पक्षी पंचेचाळीस बरोबर."

"मोजून घातले. कर्कटकाने. आठव्या ओळीला आरसा लावायचा राहिला."

टीडेमान त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. एका दोस्तासाठी दुसरा खोटं बोलतोय, हे त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलेलं होतं. ते प्रूफवाल्याकडे गेले, कागदाच्या चिटोऱ्यावर दोन शाया लावून आणल्या, नखाएवढे दोन ठिपके, शेजारी शेजारी. चिटोरा त्यांनी कास्परच्या डोळ्यांसमोर धरला.

"सांग."

इथे एक गोष्ट फक्त कास्परलाच ठाऊक होती. त्याने नजर जराशी, अगदी कणभर बाजूला नेली असती, टीडेमानच्या कानाकडे, तर डावा लाल आणि उजवा हिरवट हे त्याला सांगता आलं असतं. टीडेमान म्हणाले असते, बघ, दिसतंय, जा. खुर्ची राहिली असती. मी कबूल केलं होतं, त्यांनीच मानलं नाही, असं म्हणायलाही तो मोकळा होता. मानेची शीर त्या बाजूला ओढत होती. दहा दिवस त्याने तेच तर केलं होतं, प्रत्येक क्षणी नजर चोरली होती.

त्याने सरळ बघितलं.

"दोन्ही एकच," तो म्हणाला. "मातीचा रंग."

मागून कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. टीडेमाननी चिटोरा उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते त्यांच्यासारख्या माणसाच्या बाबतीत कोणी पाहिलं नव्हतं.

"बरं होणारं आहे," कास्पर म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, सहा महिने."

"सहा महिने मी ही खुर्ची रिकामी ठेवू शकत नाही."

"माहीत आहे."

"तळघरात जागा आहे."

"हो."

"क्लुगे," टीडेमान आवाज न चढवता म्हणाले, "एप्रन बांधा."

कास्परने आपले टाक गोळा केले. सगळे मिळून अकरा, काही त्याने स्वतः घासून केसाएवढे बारीक केलेले. शेजाऱ्याने मान खाली घातली होती. जिन्याकडे जाताना वाटेतली सगळीच माणसं कामात गढलेली होती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मागून पावलं वाजली. वेंडेल एप्रन हातातच घेऊन धावत उतरला होता. कास्परला वाटलं, आभार मानायला आला असेल, आणि ते ऐकवणार नाही म्हणून तो घाईने म्हणाला, "राहू दे, वेंडेल. मीच तुला दोन तास चोर ठरवलं."

"ठरवलंस. ते मी विसरणार नाही." वेंडेलला धाप लागली होती, आणि तो रागाने नुसता थरथरत होता. "त्या सोमवारी तुला खरंच दिसत नव्हतं?"

"नाही."

"आणि मी तुझ्याशेजारी उभा होतो. वीतभर अंतरावर."

"मी तळघरात जाईन म्हणून—"

"गेलासच ना? अरे गाढवा, गेरूच घातला पाहिजे असं कोणी सांगितलं? सगळे घालतात म्हणून मी घालतो. कपाटात निळीची पूड पडलीय डबाभर. तीही कोरडीच, तीही शाई धरत नाही. मी तुला निळीने रेघ घालून दिली असती. निळं तर दिसतं ना तुला?"

कास्परने जिन्याच्या कठड्याला धरलं. निळं त्याला दिसत होतं. आभाळासारखं स्वच्छ दिसत होतं.

"सहा महिने निळीने घालून दिली असती," वेंडेल म्हणाला. "दोघांखेरीज कोणाला कळलं नसतं. तुला एवढंच म्हणायचं होतं, वेंडेल, मला दिसत नाही."

"मला सुचलंच नाही," कास्पर म्हणाला.

"सुचलं नाही, की मला विचारायचं नव्हतं?"

कास्पर हातातल्या टाकांकडे बघायला लागला. वेंडेल एप्रन गळ्यात अडकवून वर निघून गेला. त्याला कामावर परत जायचं होतं.